अर्डिस जेडिनचा टाइट एंड

मर्लिन जेडिन ऐन जुलैत, गवताचे भारे रचता रचता गेला. छातीत कळ आली, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसला तो उठलाच नाही. मागे बायको अर्डिस राहिली, मिलवॉकीला नोकरी करणारी मुलगी पॉलेट राहिली, लाल विटांचं घर राहिलं आणि स्टेडियममधली एक जागा राहिली.

खाडीच्या या बाजूला मयताला आलेली माणसं घराचं काय, जमिनीचं काय, हे मागाहून विचारतात. आधी विचारतात ते जागेचं. अमेरिकन फुटबॉलच्या टीमच्या सीझन तिकिटासाठी इथे बाळाला बाप्तिस्म्याला नेतानाच नाव नोंदवतात, आणि ते बाळ आजोबा झालं तरी नंबर लागेलच असं नाही. मर्लिनची जागा त्याच्या बापाने घेतलेली. चर्चच्या तळघरात जेवणं चालू होती, हॅमची सँडविचं अजून ताटात होती, तेवढ्यात दीर व्हर्जिलने विषय काढलाच. अर्डिस काही कधी मॅचला गेलेली नाही, तेव्हा तिने त्या जागेची काळजी करू नये, आपण बघून घेऊ, असं त्याचं म्हणणं होतं.

"मी जाईन," अर्डिस म्हणाली.

व्हर्जिलला वाटलं, दुःखात बोलते आहे. पॉलेटलाही तसंच वाटलं. खुद्द अर्डिसलाही आपण असं का म्हणालो ते नीट कळलं नव्हतं. लग्न झाल्यापासून दर मोसमात नवरा त्या जागेवर जाऊन बसायचा, आणि आठवडाभर चीजच्या कारखान्यात उभी राहून पाय भरलेली ती रविवारी घरी पाय वर करून झोपायची. तो तिथे जाऊन काय करतो, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला माणूस उरला नव्हता. जागा तेवढी होती.

अर्डिसचा जन्म याच द्वीपकल्पावरचा. आजी-आजोबा बेल्जियमच्या बोलीत भांडायचे आणि इंग्रजीत गोड बोलायचे, असं ती सांगायची. घरात आठ भावंडं, त्यात ही मधली, म्हणजे ना थोरलीचा मान ना धाकटीचे लाड. शाळा सुटली ती चीजच्या कारखान्यात शिरली. तिथे कुणी आलं नाही की तिथे अर्डिस, कुणी आजारी पडलं की तिथे अर्डिस. कापायला उभी करा, बांधायला उभी करा, ट्रकवर माल चढवायला उभी करा, ती हुं की चूं न करता उभी राहायची. मर्लिनही तिथलाच, दुधाचे टँकर घेऊन यायचा. अबोल माणूस. संसार चांगला झाला, पण जेवताना 'मीठ दे' आणि 'उद्या पाऊस आहे' यापलीकडे घरात फारसा आवाज नसायचा.

सप्टेंबरात पहिल्या मॅचला ती गेली. जागा मैदानाच्या एका टोकाला, शेवटच्या रेषेच्या मागे. पत्र्याची लांबलचक बाकं, त्यांवर आकडे रंगवलेले, आणि दोन आकड्यांमधलं अंतर कुणीतरी उपाशी माणसाच्या मापाने ठरवलेलं. तिच्या आकड्याच्या शेजारी नारिंगी कानटोपी घातलेला एक आडवा माणूस दीड जागा अडवून बसला होता.

"ही मर्लिनची जागा आहे," तो म्हणाला.

"मी मर्लिनची बायको."

"बरं नाही का त्याला?"

"गेला. जुलैत."

तो माणूस सरकला. पहिला पाव डाव, म्हणजे मॅचचा चौथा हिस्सा, संपला. मग त्याने हातातलं सॉसेज पावासकट मोडलं आणि मोठा अर्धा तिच्या पुढे धरला. नाव सांगितलं, लिअँडर थीरी. खाडीच्या पार दक्षिणेच्या अंगाला त्याचं गोठ्याचं शेत होतं. लग्न केलेलं नव्हतं, भावाबरोबर गायी सांभाळायचा. मर्लिनच्या शेजारी तो कित्येक वर्षं बसला होता आणि मॅच सोडून दोघे कधी कुठे भेटले नव्हते.

"फार बोलायचा तुमचा नवरा," तो म्हणाला.

"मर्लिन?"

"तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. पुढच्या रांगेतल्यांनी एकदा कानात कापसाचे बोळे घालून दाखवले होते त्याला."

अर्डिस हसली. नवरा गेल्यापासूनचं ते पहिलं हसू असावं. हसता हसता डोळे भरून आले तसं तिने मैदानाकडे तोंड फिरवलं.

पण मैदानावर बघायचं कुठे, हेच तिला कळेना. शिट्टी वाजली की सगळी माणसं एकमेकांवर धडकायची, चेंडू गडप व्हायचा, आणि तो सापडेपर्यंत लोक ओरडून पुन्हा खाली बसलेले असायचे. शेवटी तिने चेंडूचा नाद सोडला. खेळाडूंच्या फळीच्या टोकाला उभा असलेला, दाराच्या चौकटीएवढा एक गडी तिने हेरला आणि त्याच्यावरच नजर लावून बसली. तो कधी समोरच्या धटिंगणाला छाती लावून अडवायचा. कधी अडवल्यासारखं करून निसटायचा आणि पळत जाऊन हात वर करायचा. चेंडू बहुतेक दुसऱ्यालाच मिळायचा. मग हा पुन्हा येऊन आपल्या जागी उभा.

"तो टोकाचा कोण?" तिने विचारलं.

"टाइट एंड."

"तो काय करतो?"

"पगार खातो," लिअँडर म्हणाला.

हे उत्तर अर्डिसला झोंबलं. इतका वेळ ती त्या माणसाकडेच बघत होती आणि त्याला एक क्षण उसंत मिळालेली तिने पाहिली नव्हती. तिने तसं सांगितलं. लिअँडरने समजावलं की टाइट एंड म्हणजे ना धड अडवणारा, ना धड पळणारा. अडवायला फळीतली जाडजूड माणसं आहेत, झेलायला हरणासारखी पोरं आहेत, मग या मधल्याला लाखो डॉलरचा करार कशाला द्यायचा? अर्डिस म्हणाली, दोन्हींकडे हात लावणारा माणूस नसला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही कधी कारखान्यात काम केलेलं नाही. लिअँडर म्हणाला, तुम्ही कधी मॅच बघितलेली नाही. दोघांचंही खरं होतं.

तिथून जे भांडण लागलं ते वर्षानुवर्षं चाललं. टाइट एंड आले आणि गेले, कुणाचा गुडघा गेला, कुणाला दुसऱ्या टीमने नेलं, भांडण मात्र तिथेच राहिलं. दर मोसमाच्या सुरुवातीला दोघे पैज लावायचे. टाइट एंडने कराराचं चीज केलं तर लिअँडरने सरोवरातले धुरावलेले मासे आणायचे, नाही केलं तर अर्डिसने प्रूनची, म्हणजे सुक्या आलुबुखारांची, बेल्जियन पाई आणायची, वरून गोड चीजचा थर दिलेली. निकाल कधीच लागला नाही. तो झेललेले चेंडू मोजायचा, ती अडवलेली माणसं मोजायची. मग शेवटच्या मॅचला दोघेही आपापलं घेऊन यायचे, गुडघ्यावर रुमाल पसरून मासे आणि पाई दोन्ही संपवायचे, आणि तोंड भरलेलं असतानाही आपणच जिंकल्याचं एकमेकांना सांगायचे.

डिसेंबरच्या थंडीत जाडजूड कोट चढले की बाकावर माणसं मावायची नाहीत. सगळी रांग एका खांद्यावर तिरकी बसायची. एवढी वर्षं खांद्याला खांदा घासून बसलेल्या त्या दोघांनी एकमेकांचं घर पाहिलेलं नव्हतं. तो तिला मिसेस जेडिन म्हणायचा, ती त्याला थीरी म्हणायची. त्याचा भाऊ वारला, गायी विकल्या, आता तो एकटाच ट्रॅक्टरची दुरुस्ती करतो, हे तिला दोन मॅचच्या मधल्या सुट्टीत कळलं होतं. ती कारखान्यातून निवृत्त झाली, हे त्यालाही तसंच. जानेवारीत मोसम संपला की 'बराय तर' म्हणून दोघे दोन जिन्यांनी उतरायचे, ते थेट सप्टेंबरात भेटायचे.

टेरेल ऑगल्सबी टीममध्ये आला तेव्हा अर्डिसला वाटलं, आपला माणूस आला. दक्षिणेकडचा, शांत, मान बैलासारखी. चेंडू त्याच्या हातून दोनदा सुटायचा आणि तिसऱ्यांदा राहायचा, पण ज्या बाजूला तो उभा राहील त्या बाजूने आपला पळणारा बिनधास्त निघायचा. लिअँडरने त्याचं नाव 'लोण्याचे हात' ठेवलं. मग टीमने ब्रोडी लिंडक्विस्ट नावाचा दुसरा, तरणा टाइट एंड घेतला. हा झेलण्यात वाघ, अडवताना दिसायचा नाही. दोघांनाही तगडे करार. त्या वर्षी सगळ्या गावाला एकच विषय झाला. पेपर, रेडिओ, न्हाव्याचं दुकान, शुक्रवारी मासे तळणारे गुत्ते, जिथे जावं तिथे तेच. दोन टाइट एंडवर एवढा पैसा ओतून टीमला मिळतंय काय? ऑगल्सबीचा करार मार्चमध्ये संपणार होता आणि टीमने त्याला नारळ द्यावा असं लोकांचं उघड म्हणणं होतं.

"आता बघा," लिअँडर म्हणाला, "सगळा जिल्हा माझ्या बाजूने आहे."

"सगळा जिल्हा चेंडू बघतो," अर्डिस म्हणाली.

ऑक्टोबरच्या मधल्या रविवारी ती गेली तर शेजारच्या जागेवर भलताच माणूस. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी, नजर फोनवर. तिने पहिला पाव डाव वाट पाहिली आणि मग विचारलं. तो लिअँडरचा पुतण्या ड्वेन, विमा विकायचा. त्याने सांगितलं की काका सफरचंदाच्या झाडावरून शिडीसकट पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता पुढच्या गावातल्या शुश्रूषागृहात चालायला शिकताहेत. एवढं सांगून तो पुन्हा फोनमध्ये शिरला. त्या दिवशी ऑगल्सबीने काय केलं ते अर्डिसला आठवलं नाही. ती पहिल्यांदाच मॅच संपायच्या आधी उठली.

मंगळवारी ती बुयाचं भांडं घेऊन निघाली. चर्चच्या जत्रेत कोंबडी, गोमांस, कोबी, गाजरं हजार माणसांच्या काहिलीत रात्रभर शिजवून हा रस्सा करतात आणि ती काहिल ढवळायला अर्डिस असायचीच. घरच्या भांड्यात तो तसा उतरत नाही, तरी तिने केला. शुश्रूषागृहात खोलीचं दार उघडलं तर खिडकीपाशी एक टकला म्हातारा चाकाच्या खुर्चीत बसला होता. माफ करा म्हणून ती मागे फिरणार, तोच तो म्हातारा म्हणाला, बाई, इथे कोण हवंय तुम्हाला? आवाज ऐकून ती थबकली. इतक्या वर्षांत नारिंगी टोपीशिवाय तिने त्याला बघितलंच नव्हतं.

"थीरी, तुम्हाला केस नाहीत," ती म्हणाली.

त्याने डोळे बारीक केले. तिच्या डोक्याला लोकरीचा स्कार्फ नव्हता, तोंडावर थंडीची लाली नव्हती. "मिसेस जेडिन? तुमचे पांढरे झाले की."

मैदान समोर नसताना कुठे बघायचं हा प्रश्नच होता. ती खुर्चीवर बसली, त्याने तीन वाट्या बुया खाल्ला, आणि तिसऱ्या वाटीला त्याचं खरं दुखणं बाहेर आलं. खुबा दुखतो ते ठीक. पण त्या भिंतीवरच्या टीव्हीवर ऑगल्सबी दिसत नाही. शिट्टी वाजली की कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि टोकाचा माणूस चित्राबाहेर जातो. दोन मॅच झाल्या, ऑगल्सबीने काय केलं ते त्याला माहीत नाही.

"तुम्हाला तो नकोच आहे ना टीममध्ये?" अर्डिसने विचारलं.

"नकोच आहे. म्हणून काय झालं? नको असलेला माणूस बघायचा तर असतो."

त्यावर ठरलं. घरच्या मैदानावरची मॅच संपली की अर्डिस तिथून थेट त्याच्याकडे यायची, रात्रीचं जेवण घेऊन, आणि ऑगल्सबीने काय काय केलं त्याचा वृत्तांत द्यायचा. पहिल्या खेपेस तिने जरा मीठमसाला लावला. लिअँडर डोळे मिटून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, तिसऱ्या पाव डावात तो पालथा पडला होता, रेडिओवाल्याने सांगितलं, तुमच्या गोष्टीत तो पडलाच नाही. अर्डिस ओशाळली. त्यानंतर ती जे झालं तेच सांगू लागली, पडला तर पडला, सुटला तर सुटला.

नोव्हेंबर संपता संपता लिअँडर घरी आला. त्याचंही घर लाल विटांचं, पण बाईमाणसाचा हात न लागलेलं, स्वयंपाकघरात कार्बोरेटर आणि पलंगावर सुट्या भागांचे खोके. अर्डिसने पहिल्या दिवशी कशालाच हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावरचा कार्बोरेटर खाली ठेवला. तिसऱ्या खेपेला लिअँडरने तो स्वतःच वॉकर टेकत टेकत शेडमध्ये नेऊन ठेवला. ती बुधवारीही येऊ लागली, मग शुक्रवारीही, आणि टाइट एंडशिवाय इतर गोष्टीही बोलण्यात आल्या. मर्लिन स्टेडियममध्ये काय काय बोलायचा ते तिने त्याच्याकडून खोदून खोदून काढून घेतलं. एकदा तर म्हणे पाहुण्या टीमच्या कोचला त्याने दुधाचा भाव का पडला ते सविस्तर ओरडून समजावलं होतं. अर्डिसला नवऱ्याचा तो आवाज कधी लाभला नव्हता. तो असा उशिरा, दुसऱ्याच्या तोंडून का होईना, मिळाला याचं तिला बरं वाटलं.

डिसेंबरातली महत्त्वाची मॅच आली. जिंकली तर पुढची फेरी, हरली तर मोसमावर पाणी. नाकातला श्वास गोठेल अशी थंडी होती. शेवटची काही मिनिटं उरली, टीम थोडक्यात मागे होती आणि चेंडू नेमका अर्डिस बसली होती त्याच टोकाकडे येत होता. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकने हात मागे नेला. तेवढ्यात मागून धटिंगण येऊन आदळला, चेंडू निसटला, दुसऱ्यांनी उचलला, खेळ खलास. सगळं स्टेडियम फळीतल्या एका नवख्या पोराच्या नावाने शंख करू लागलं. तो पोरगा तिथेच बर्फावर पडलेला होता, त्यामुळे दोष त्याच्याच अंगाला चिकटला.

पण अर्डिस चेंडू बघत नव्हती. त्या धटिंगणाला अडवायचं काम ऑगल्सबीचं होतं. ऑगल्सबीने त्याला आतल्या बाजूने वाट दिली, साधं अंगही टाकलं नाही. हे तिने स्वच्छ पाहिलं होतं, आणि आसपासच्या कुणी पाहिलं नव्हतं.

बर्फातून गाडी हळूहळू चालवत ती निघाली. रेडिओवर एकामागून एक माणसं फोन करून त्या पोराला शिव्या घालत होती. कुणीही ऑगल्सबीचं नाव घेतलं नाही. तिने रेडिओ बंद केला. थीरीला टीव्हीवर तो दिसला नसणारच. आपण सांगितलं नाही तर कुणालाच कळणार नाही, आणि सांगितलं तर एवढ्या वर्षांचा वाद एका वाक्यात हरलो. खाडीचा पूल ओलांडेपर्यंत तिने न सांगायचं ठरवलं होतं. त्याच्या अंगणात गाडी लावली तेव्हा मात्र तिला स्वतःची लाज वाटत होती.

लिअँडर दारातच उभा होता, काठीवर. "त्या पोरट्यानं घात केला," तो म्हणाला.

अर्डिसने कोट काढून खुंटीला लावला, भांडं शेगडीवर ठेवलं आणि पाठमोरी राहूनच बोलली.

"पोरट्यानं नाही. ऑगल्सबीनं. तो माणूस त्याचा होता. त्याने अडवलंच नाही, थीरी. नुसता उभा राहिला."

तो आता हसेल, टेबलावर थाप मारेल, पाई कधी आणताय विचारेल, असं तिला वाटत होतं. ती वळली. तो खुर्चीत बसला होता आणि काठीची मूठ चोळत होता.

"डावा गुडघा," तो म्हणाला. "सप्टेंबरपासून तो डाव्या पायावर भार देत नाही. मी पडायच्या आधीच दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत? तुमचीच बाजू वर झाली असती."

"तुला वाईट वाटलं असतं."

तो 'तू' म्हणाला हे दोघांनाही एकदमच कळलं. अर्डिसने पळी घेतली आणि वाटीत रस्सा वाढला. वाटी काठोकाठ भरली. ती त्याच्यापुढे ठेवून ती समोर बसली.

"गुडघा एवढा दुखत असताना शेवटपर्यंत उभा राहिला तो," लिअँडर म्हणाला. "दुसरा असता तर बाकावर जाऊन बसला असता."

"दुखत होता तर सांगायचं होतं कोचला," अर्डिस म्हणाली. "त्या पोराच्या माथी खापर फुटलं ना."

अशी उलटी गंगा त्या रात्री वाहिली. तो ऑगल्सबीची बाजू घेत होता, ती त्याला धारेवर धरत होती, आणि रस्सा गार झाला तो पुन्हा गरम करावा लागला. बर्फ वाढला म्हणून ती माघारी गेली नाही, सुट्या भागांचे खोके बाजूला सारून दुसऱ्या खोलीत झोपली. सकाळी तो तिच्या आधी उठून अंडी तळत होता. अंडी करपली होती. तिने मुकाट्याने खाल्ली.

मार्चमध्ये टीमने ऑगल्सबीला मोकळं केलं. लोकांना वाटलं, झालं ते योग्यच झालं. लिअँडर काठी टेकत शुक्रवारी गुत्त्यावर गेला, तळलेल्या माशांची ताटली पुढ्यात घेऊन अख्ख्या गुत्त्याशी भांडला आणि घसा बसवून आला. सगळ्यांनी त्याची टर उडवली. एवढी वर्षं ऑगल्सबीला शिव्या कोण घालत होतं, असं विचारलं. त्याने सांगितलं, मी शेजारी बसून शिव्या घातल्या, तुम्ही पेपर वाचून घालता. ही हकीकत त्याने अर्डिसला आवाज नसल्यामुळे खुणांनी सांगितली.

त्याच आठवड्यात त्याने तिला लग्नाचं विचारलं. शेडमध्ये ट्रॅक्टरखाली पडून, फक्त पाय बाहेर, तिथूनच. अर्डिसने पाना त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, बाहेर येऊन विचार. बाहेर येऊन उभं राहायला त्याला बराच वेळ लागला. ती थांबली.

पॉलेटला फोन केला.

"आई, फुटबॉलवरून भांडण झालेल्या माणसाशी लग्न?"

"तुझ्या बापाशी चीजवरून झालं होतं," अर्डिस म्हणाली. "ते वाईट झालं का?"

पॉलेट आली, थीरीला पाहून गेली, परत आली तेव्हा नवऱ्यालाही घेऊन आली. ड्वेनने दोघांना विमा घ्यायला सांगितलं. व्हर्जिलने मात्र लोकांना सांगत सुटायला कमी केलं नाही की दोन शेजारशेजारच्या जागा एका घरात याव्यात म्हणून वहिनीने हा घाट घातला. यावर अर्डिस म्हणायची, तसं असेल तर आपल्या व्यवहारात खोट नाही. जूनमध्ये चर्चमध्ये लग्न लागलं. काहिलीभर बुया झाला. तो ढवळायला नवरीच उभी राहिली, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून तो खाली लागला असता.

राहायचं कुठे यावर थोडी घासाघीस झाली. शेवटी लिअँडरचं घर त्याच्या शेडसकट ठेवलं आणि अर्डिसचं एका तरुण शिक्षिकेला भाड्याने दिलं. अर्डिसला त्या घरात आवाजाची सवय करून घ्यावी लागली. लिअँडर झोपेत बोलायचा, रेडिओशी बोलायचा, न सुटणाऱ्या नटांशी बोलायचा. दुपारी जेवताना एकदा तो बोलायचा थांबला तर तिने बरं नाही का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

ऑगल्सबीला दक्षिणेकडच्या एका टीमने घेतलं, गुडघा दुरुस्त करून. कमी पैशात घेतलं, पण घेतलं. इकडे त्याच्या जागी कॉलेजातून ताजा आलेला एक ताडमाड टाइट एंड उभा राहिला. त्यालाही घसघशीत करार दिला होता, आणि गावात कुरकुर सुरूच होती. सप्टेंबरात पहिल्या मॅचला दोघे एकाच जिन्याने वर चढले, लिअँडरला चढायला वेळ लागत होता आणि मागची माणसं तुंबून राहिली होती, पण कुणी घाई केली नाही. बाकावर बसून त्यांनी त्या नव्याला नीट पाहिलं. अडवायला गेला तर ढकलला जायचा, झेलायला गेला तर चेंडू छातीवर आपटून पडायचा.

"काही खरं नाही याचं," अर्डिस म्हणाली.

"नाहीच," लिअँडर म्हणाला.

एवढं बोलून दोघे गप्प झाले. पहिला पाव डाव असाच गेला. एकमताने बसायची सवय नसल्याने दोघांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या पाव डावात लिअँडर घसा खाकरून म्हणाला की पोराचे पाय मात्र बघण्यासारखे आहेत, पाय चांगले असले की बाकीचं शिकवता येतं, दोन वर्षं धीर धरायला हवा. अर्डिस म्हणाली, दोन वर्षं? फुकट? त्याचे हात कुठे हरवलेत ते आधी शोधायला सांग. लिअँडर म्हणाला, हात हात काय करतेस, तूच तर म्हणायचीस की अडवणं महत्त्वाचं. ती म्हणाली, मग अडवून दाखव म्हणावं.

पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पाहिलं, आणि पुन्हा मैदानाकडे तोंड केलं. त्या दिवशी टीम जिंकली. घरी जाताना खाडीच्या रस्त्यावर ऊन उतरलं होतं, मक्याची शेतं पिवळी पडायला लागली होती. अर्डिस गाडी चालवत होती आणि लिअँडर हातवारे करून त्या पोराचे पाय समजावत होता. अंगणात आल्यावरही विषय संपला नाही. ती इंजिन बंद करून, हात स्टीअरिंगवर तसेच ठेवून, त्याचं ऐकत बसून राहिली.